गांवाचें कोठार गांवानेंच राखावें

(उपदेशकांकरितां व गांवच्या मंडळ्यांकरितां अभ्यासपाठ)

वाचकहो, शेतांत पीक आलें म्हणजे घरांत अन्न आलें असें आपण सहज समजतों. परंतु ह्या दोन गोष्टी एक नव्हत. खळ्यावरील रास आणि चुलीवरील भाकरी ह्यांच्यामध्यें पुष्कळ दारें आहेत. त्यांतील एक दार जरी बंद झालें, तरी पिकलेल्या गांवांतहि मुलें उपाशीं निजतात. १९४३ सालीं बंगाल प्रांतांत दुष्काळ पडला, आणि त्यांत वीस ते तीस लाख माणसें मेलीं असा अंदाज आहे. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन ह्यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, त्या वर्षीं प्रांतांतील एकंदर धान्य मागील वर्षांच्या मानानें फार घटलें नव्हतें; धान्याचा भाव मात्र चढला, आणि शेतमजूर, मासे धरणारे व खेड्यांतील कारागीर ह्यांची मिळकत त्या भावाबरोबर चढली नाहीं. अन्न होतें, तें घेण्याचें सामर्थ्य गरिबाच्या हातीं नव्हतें.

ह्यावरून आपल्या पाठाचा मुख्य प्रश्न निघतो. तो असा कीं, गांवाच्या अन्नाची चावी कोणाच्या हातीं आहे? ती सावकाराच्या हातीं असेल, दूरच्या बाजाराच्या हातीं असेल, किंवा केवळ पावसाच्या हातीं असेल, तर गांव सुगीच्या दिवसांतहि पराधीनच होय. ती गांवकऱ्यांच्या एकत्र हातीं असेल, तर दुष्काळ येणार नाहीं असें नाहीं. पण तो आला असतां पहिला घाव सर्वांत दुबळ्या घरावर पडणार नाहीं.

गांवाच्या अन्नाचीं तीन कोठारें आहेत. पहिलें बियाण्याचें, दुसरें धान्याचें व तिसरें पाण्याचें. ह्या तिन्हींचा विचार आपण क्रमानें करूं. प्रत्येक ठिकाणीं आपल्या देशांतील साध्या लोकांनीं प्रत्यक्ष केलेलें एखादें काम पाहूं, आणि मग आपल्या गांवीं काय करतां येईल हें ठरवूं.

१. बियाण्याचें कोठार

पूर्वीं बियाणें विकत घेण्याची रीत खेड्यांत फारशी नव्हती. उभ्या पिकांतून टपोरीं कणसें निवडून तीं आढ्याला टांगून ठेवीत. चुलीच्या धुरानें त्यांस कीड लागत नसे. वालाचें, घेवड्याचें, भोपळ्याचें बीं राखेंत घोळून मडक्यांत किंवा वाळलेल्या भोपळ्यांत भरून ठेवीत. हें काम बहुतेक घरांतील वडील स्त्रीचें असे. कोणतें बीं खडकाळ वावरांत येतें, कोणतें पाऊस लांबला तरी तग धरतें, कोणाची भाजी बाळंतिणीस चालते, हें ज्ञान तिच्या पदरीं असे, व तें सासूपासून सुनेकडे जात असे.

१९६४ सालीं संकरित ज्वारीचा व १९६५ सालीं संकरित बाजरीचा वाण आपल्या देशांत निघाला. त्यापासून उत्पन्न वाढलें, हें नाकारणें अन्यायाचें होईल. पण संकरित बियाण्याचा एक धर्म प्रत्येक शेतकऱ्यानें समजून घेतला पाहिजे. दोन निरनिराळ्या वाणांचा संकर करून तें केलेलें असतें. त्याचें पहिलें पीक जोमदार व एकसारखें येतें. परंतु त्याच पिकाचें धान्य पुढील वर्षीं पेरलें, तर आईबापांचे गुण फुटून कांहीं ताटें उंच, कांहीं खुजीं, कांहीं लवकर तर कांहीं उशिरां येणारीं, अशीं निघतात व उत्पन्न घटतें. म्हणून तें दरवर्षीं विकत घ्यावें लागतें. ज्याच्या हातीं पैसा आहे त्यास हें जड जात नाहीं. पण ज्याची पहिली पेरणी पावसाच्या ओढीनें वाळून गेली, त्यास दुसऱ्या पेरणीसाठीं पुन्हां कर्ज काढावें लागतें. देशी बियाण्याचें मडकें घरांत असतें, तर त्यास दुकानाची पायरी चढावी लागली नसती.

अहिल्यानगर (पूर्वींचा अहमदनगर) जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत कोंभाळणें नांवाचें डोंगरांतील गांव आहे. तेथील राहीबाई सोमा पोपेरे ह्या महादेव कोळी समाजांतील बाई कधीं शाळेंत गेल्या नाहींत. पण वाल, घेवडा, भात, नागली, भाजीपाला ह्यांचे गांवठी वाण गोळा करून जपण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. बाएफ ह्या संस्थेनें त्यांस साहाय्य केलें, व आसपासच्या गांवांतील स्त्रिया त्या कामांत सामील झाल्या. बियाणें न्यावयाचें तें उसनें न्यावयाचें, आणि पीक आल्यावर दुप्पट परत करावयाचें, ही त्यांच्या बियाणें-कोठीची रीत. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर ह्यांनीं त्यांस ‘बीजमाता’ म्हटलें, आणि २०२० सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मश्री जाहीर केली.

येथें कोणी म्हणेल, दुप्पट घेणें हें तर सावकारीपेक्षांहि वाईट! तसें नाहीं. एक शेर वाल पेरला तर अनेक शेर येतात. त्यांतून दोन शेर देणें कोणास जड नाहीं. शिवाय तो दुसरा शेर कोणाच्या पेटींत जात नाहीं. तो पुढच्या शेजाऱ्याच्या वावरांत जातो. सावकाराचें व्याज एका घराकडे वाहतें, कोठीचें व्याज सर्व घरांकडे वाहतें. दोघांत भेद हा आहे.

बियाणें राखण्यास कायद्याची आडकाठी आहे कीं काय, अशी शंका पुष्कळांस येते. २००१ सालच्या पीक-वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें शेतकऱ्यास आपल्या शेतांतील बियाणें राखणें, पेरणें, पुन्हां पेरणें, अदलाबदल करणें, दुसऱ्यास देणें व विकणें हा हक्क स्पष्ट दिलेला आहे. संरक्षित वाणाचें बियाणें छापाच्या पिशवींत भरून त्या नांवानें विकण्यास मात्र मनाई आहे. तेव्हां शेजाऱ्यास ओंजळभर बीं देतांना कोणीं भिऊं नये.

बियाणें कसें निवडावें हेंहि थोडक्यांत सांगतों. वावराच्या बांधाकडील ताटें सोडून मधल्या भागांतील निरोगी ताटें पीक उभें असतांनाच खूण करून ठेवावीं. एकाच ताटाचें बीं घेऊं नये. पुष्कळ चांगल्या ताटांचें मिळून घ्यावें, म्हणजे वाण दुबळा होत नाहीं. भात, गहूं, हरभरा, वाल, घेवडा ह्यांचें बीज बहुतेक आपल्याच फुलांत फळतें, म्हणून त्यांचा वाण शुद्ध राखणें सोपें आहे. बाजरी, मका, भोपळा, काकडी ह्यांचा पराग वाऱ्यानें किंवा माशांनीं दूर जातो. म्हणून त्यांचे दोन वाण जवळजवळ लावूं नयेत. पेरणीपूर्वीं पंधरा दिवस १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावे व तें ओलें राखावें. आठवड्यानें उघडून मोजावें. ८० किंवा अधिक दाण्यांस मोड आले तर बीं उत्तम. ६० च्या आसपास असेल तर पेरा थोडा दाट करावा. त्याहून फार कमी असेल तर दुसरें बीं पाहावें. ही परीक्षा लहान मुलांसहि करतां येते, आणि तिला एक पैसाहि लागत नाहीं.

२. धान्याचें कोठार

आतां दुसऱ्या कोठाराकडे वळूं. आपल्या दक्षिण देशांत धान्य सांठविण्याचीं साधनें जुनीं आहेत. जमिनींत खोदलेलें पेंव, भिंतींत बांधलेलें बळद, बांबूची विणून शेणामातीनें सारविलेली कणगी, हीं नांवें अजून बोलण्यांत आहेत. पण पेंवें कोणाचीं होतीं? ज्यांची जमीन त्यांचीं. मजुराच्या घरीं कणगी असली तरी ती आषाढापर्यंत रिकामी होई.

आषाढ, श्रावण व भाद्रपद हे महिने शेतमजुराच्या घरीं कठीण असतात. जुनें धान्य संपलेलें, नवें आलेलें नाहीं, पाऊस लागून राहिला तर कामहि मिळत नाहीं. तेव्हां तो खावटीकरितां धान्य काढतो. सवाईनें काढलें तर सुगीस एक पायलीची सव्वा पायली द्यावयाची. दिढीनें काढलें तर दीड पायली. चार महिन्यांत दीडपट! शिवाय धान्य घेतलें तेव्हां त्याचा भाव चढा असतो व फेडतो तेव्हां भाव पडलेला असतो. फेडीनंतर कणगी पुन्हां अर्धीच राहते, म्हणून पुढच्या आषाढांत तो पुन्हां त्याच दारीं उभा राहतो. हें चाक अनेक घरांत बापापासून मुलाकडे आलेलें आहे.

हें चाक थांबविण्याचा एक उपाय तेलंगणांत झहीराबादच्या आसपास झाला. तो प्रदेश आपल्या मराठवाड्यापासून फार दूर नाहीं, व तेथील गरिबांचें मुख्य अन्नहि ज्वारीच आहे. तेथें १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी नांवाची संस्था काम करीत आहे. गांवोगांवच्या गरीब स्त्रियांचे संघ हा तिचा पाया. ह्या स्त्रियांत बहुतेक दलित समाजांतील आहेत. त्यांच्याजवळ थोडी जमीन होती, पण ती हलकी, दगडाळ व पडीक. १९९० नंतरच्या दशकांत ह्या संघांनीं सरकारी साहाय्य मिळवून पडीक जमिनींची मशागत करण्यासाठीं सभासदांस रक्कम उसनी दिली. युक्ति अशी केली कीं, फेड पैशांत न घेतां ज्वारींत घ्यावयाची, आणि तीहि एकदम नव्हे, कांहीं वर्षांत थोडीथोडी. ती ज्वारी गांवांतच सांठविली, आणि पावसाळ्याच्या अडचणीच्या महिन्यांत गांवांतीलच गरिबांस स्वस्त भावानें दिली.

गरीब कोण हें कोणीं ठरविलें? कचेरींतील कारकुनानें नव्हे. गांवकऱ्यांनीं चारचौघांत बसून, प्रत्येक घराचें नांव घेऊन, कोणाच्या घरीं खाणारीं तोंडें किती व कमावणारे हात किती हें सर्वांसमक्ष ठरविलें. जो अधिक गरीब त्यास अधिक धान्य. उघड सभेंत खोटें बोलणें कठीण असतें, कारण शेजाऱ्यास शेजाऱ्याची चूल ठाऊक असते. एका उपायानें पडीक जमीन लागवडीस आली, मजुरी गांवांत मिळाली, जनावरांस कडबा झाला, आणि भुकेल्या महिन्यांत भाकरी मिळाली. ह्या स्त्रिया बियाण्याच्या कोठ्याहि राखतात, आणि दरवर्षीं बैलगाड्यांत नानाविध बियाणीं भरून गांवोगांव यात्रा काढतात. २०१९ सालीं ह्या संस्थेस संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे दिलें जाणारें इक्वेटर पारितोषिक मिळालें.

आतां आपल्या गांवाचा हिशेब उदाहरणादाखल करूं. तीस घरांनीं सुगीस प्रत्येकीं १० किलो ज्वारी दिली, तर ३०० किलो झाली. ज्याच्यापाशीं जमीन नाहीं त्यानें दोन दिवस कोठी सारविण्याचें किंवा धान्य वाळविण्याचें काम करावें; तोहि पूर्ण भागीदार समजावा. आषाढांत दहा घरांस प्रत्येकीं ३० किलो दिली. सुगीस दर १० किलोमागें १ किलो जास्त घेतली, तर प्रत्येक घर ३३ किलो परत करील. तेंच सवाईनें काढलें असतें तर साडेसदतीस किलो व दिढीनें काढलें असतें तर ४५ किलो द्यावी लागली असती. म्हणजे दिढीच्या मानानें एका घराचे १२ किलो वांचले. रोज दोन किलो लागणाऱ्या घरास ती सहा दिवसांची भाकरी आहे. कोठींत ३३० किलो परत आले. त्यांतून नासधूस १० किलो धरली तरी ३२० किलो उरले. ह्याप्रमाणें तीन सुगी झाल्या म्हणजे कोठी आपल्या पायांवर उभी राहते.

धान्य देतां येत नाहीं असें ज्यांस वाटतें त्यांनीं मिझोराममधील मंडळ्यांकडे पाहावें. तेथील ख्रिस्ती स्त्रिया १९१० सालापासून प्रत्येक वेळीं भात शिजवितांना मूठभर तांदूळ बाजूस काढून ठेवितात. तो तांदूळ गोळा करून विकतात, व त्यापासून मंडळीचीं पुष्कळ कामें चालतात. त्यांचा हेतु धान्यकोठीचा नाहीं. परंतु मूठ लहान असली तरी नेम मोठा असतो, हें त्यांच्या शंभर वर्षांहून अधिक काळच्या रिवाजावरून सिद्ध झालें आहे.

सांठवणीविषयीं चार नियम ध्यानांत ठेवावे.

पहिला, धान्य कडक वाळवावें. दाताखालीं धरलें असतां दाणा कट्ट वाजून फुटला पाहिजे. चेपला तर अजून ऊन हवें. दुसरी परीक्षा अशी: कोरड्या कांचेच्या बाटलींत मूठभर धान्य व चिमूटभर कोरडें मीठ घालून हालवावें. मीठ कांचेस चिकटलें तर धान्यांत ओल आहे असें समजावें.

दुसरा, कोठी जमिनीपासून उंच असावी, भिंतीस टेकूं नये, व तिची सारवण दरवर्षीं नवी करावी. कडुनिंबाचा वाळलेला पाला थराथरांत घालावा.

तिसरा, जुनें आधीं बाहेर, नवें मागाहून आंत. जें धान्य कोणी नेत नाहीं तें किड्यांचें होतें.

चौथा, बियाणें व खाण्याचें धान्य एका ठिकाणीं ठेवूं नये. औषध लावलेलें बियाणें कधींहि, कितीहि धुतलें तरी, खाऊं नये व जनावरांसहि घालूं नये. ज्या धान्यास बुरशीचा वास येतो तेंहि टाकून द्यावें. त्यांतील विष शिजविल्यानें जात नाहीं.

३. पाण्याचें कोठार

बियाणें आहे, कणगी आहे, पण पाणी नाहीं, तर दोन्ही व्यर्थ होत. १९७२ सालचा महाराष्ट्रांतील दुष्काळ वृद्ध मंडळी अजून विसरलेली नाहीं. त्या वेळीं पुण्याचे एक इंजिनीयर व कारखानदार विलासराव साळुंखे ह्यांनीं पुरंदर तालुक्यांतील लोकांस खडी फोडतांना पाहिलें. त्यांच्या मनांत असें आलें कीं, हेच हात पाणी अडविण्यास लागले तर पुढच्या वर्षीं खडी फोडावी लागणार नाहीं. त्यांनीं नायगांव येथें देवस्थानची सुमारें ४० एकर ओसाड जमीन खंडानें घेतली, बांध घातले, तळें केलें, विहीर खोदली, व उतारावरून वाहून जाणारें पाणी तेथेंच जिरविलें. १९७४ सालीं ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापन झालें, आणि त्यांतून ‘पाणी पंचायत’ हें नांव प्रसिद्धीस आलें. साळुंखे २००२ सालीं वारले. त्यांनीं घालून दिलेले नियम मात्र आजहि विचार करण्याजोगे आहेत.

ते नियम असे. पाणी जमिनीच्या मानानें न वाटतां माणसांच्या मानानें वाटावें: दर माणशीं अर्ध्या एकरापुरतें, आणि एका कुटुंबास जास्तींत जास्त अडीच एकरांपुरतें. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जात नाहीं. जमीन विकली तरी पाणी गटाकडेच राहतें. भूमिहीनासहि पाण्यांत वांटा आहे. खर्चाचा पांचवा हिस्सा लाभधारकांनीं स्वतः द्यावा, म्हणजे योजना आपली वाटते. एकट्यादुकट्यास पाणी नाहीं; गट करूनच मागावें. आणि ऊस किंवा त्यासारखें पाणी पिणारें पीक कोणीं घेऊं नये.

शेवटच्या नियमाचा अर्थ नीट समजून घ्यावा. ऊस हें वाईट पीक आहे असें कोणी म्हणत नाहीं. परंतु तो शेतांत वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ उभा राहतो व सर्वकाळ पाणी मागतो. रब्बी ज्वारी काळ्या जमिनींत मुरलेल्या ओलीवरच बहुतेक वाढते. तिला एकदोन पाण्यांचा आधार मिळाला तरी ती भरघोस येते. थोड्या पाण्याच्या गांवांत एकाच्या उसास जें पाणी जातें, तें अनेकांच्या भाकरीचें पाणी असतें. म्हणून आधीं पिण्यास, मग अन्नाच्या पिकास, आणि उरलें तर पैशाच्या पिकास, हा क्रम न्यायाचा होय.

अहिल्यानगरजवळील हिवरे बाजार गांवानें हाच क्रम दुसऱ्या रीतीनें पाळला. पोपटराव पवार ह्यांच्या पुढारीपणाखालीं त्या गांवानें १९९० नंतर चर खणले, बांध घातले, झाडें लावलीं. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, तेथें पाऊस किती पडला हें मोजतात, व ग्रामसभेंत पाण्याचा जमाखर्च मांडून त्यावरून कोणतें पीक घ्यावें हें ठरवितात. शेतीसाठीं कूपनलिका खोदण्यास व ऊस-केळीं लावण्यास गांवानें स्वतःच मनाई केली. पुष्कळ गांवांनीं बांध घातले. परंतु अडविलेलें पाणी ज्याचा पंप मोठा त्यानें उपसून नेलें, तर त्या बांधाचा गरिबास काय उपयोग? पाणी अडविणें हें अर्धें काम आहे. पाणी वांटणें हें उरलेलें अर्धें, आणि तेंच कठीण आहे.

४. शंका व त्यांचीं उत्तरें

कोणी म्हणतो: सरकारी दुकानांतून धान्य मिळतें, मग कोठी कशाला? २०१३ सालच्या अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र कुटुंबांस दर माणशीं महिन्यास ५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. तो आपला हक्क आहे. तो सोडूं नये, आणि ज्याचें नांव यादींत नाहीं त्यास तें घालण्यास उपदेशकानें साहाय्य करावें. पण ५ किलोंत राबणाऱ्या माणसाचा महिना भागत नाहीं. आणि त्यांत बहुधा गहूं-तांदूळ येतात, डाळ किंवा बियाणें येत नाहीं. कोठी रेशनच्या जागीं नव्हे, रेशनच्या शेजारीं असावी. उलट पक्षीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, लागोपाठ दोन-तीन वर्षें पाऊस गेला, तर गांवची कोठी एकटी पुरी पडणार नाहीं. तेव्हां सरकारनें धांवून आलेंच पाहिजे.

दुसरा म्हणतो: लोक नेतात पण परत करीत नाहींत. ही भीति खरी आहे. म्हणून ज्यानें स्वतः कांहीं घातलें आहे त्यासच न्यावयाचा अधिकार असावा. फुकट आलेल्या धान्याची कोणास काळजी वाटत नाहीं. परतफेड खळ्यावरच घ्यावी. धान्य घरीं गेल्यावर मागणें उशिराचें होतें. पीक खरोखर बुडालें असेल, तर सभेनें पाहणी करून एक वर्षाची मुदत द्यावी, पण माफी एकट्या पुढाऱ्यानें देऊं नये.

तिसरी शंका सर्वांत महत्त्वाची: चावी कोणाची? एकाच माणसाच्या हातीं चावी दिली, मग तो पाटील असो, पाळक असो वा उपदेशक असो, तर कोठी त्याची झाली असें समजावें. दोन कुलपें लावावीं व दोन चाव्या दोन निरनिराळ्या वस्त्यांतील माणसांकडे द्याव्या. त्यांतील एक तरी स्त्री असावी. हिशेब महिन्यांतून एकदां मोठ्यानें वाचून दाखवावा, कारण ज्यास अक्षर येत नाहीं त्यासहि कान आहेत.

चौथी शंका आपल्या मंडळीपुरती आहे: ही कोठी ख्रिस्ती लोकांची असावी कीं सर्व गांवाची? आमचें स्पष्ट मत आहे कीं, ती सर्व गांवाची असावी. भुकेस जात नाहीं आणि धर्महि नाहीं. मंडळीनें आपल्यापुरती कोठी केली तर लोक म्हणतील, धान्याच्या लोभानें माणसें ओढतात. आणि गांवांत दोन तट पडतील. विहीर एकाच वस्तीची असली म्हणजे काय होतें, हें आपल्या वडिलांनीं पुष्कळ सोसलें आहे. ज्यांनीं तें सोसलें त्यांनीं नवें दार बांधतांना तें सर्वांकरितां उघडें ठेवावें. कदाचित् पहिल्या वर्षीं दुसऱ्या वस्तीचे लोक येणार नाहींत. तरी त्यांची जागा सभेंत व त्यांचें नांव वहींत राखून ठेवावें.

५. आरंभ कसा करावा

एकदम तिन्ही कोठारें बांधूं जाऊं नये. रब्बीची सुगी फाल्गुन-चैत्रांत येते. त्या वेळीं खळ्यावर पहिली वर्गणी गोळा करावी. आरंभास दहा घरें पुरेत. उन्हाळ्यांत धान्य व बियाणें वाळवावें, कोठी सारवावी. ज्येष्ठांत बियाण्याची परीक्षा करून तें पेरणीस द्यावें. आषाढांत खावटीचें धान्य काढावें, परंतु चवथा हिस्सा नेहमीं राखून ठेवावा. तो हिस्सा दुष्काळाचा. पावसाळ्यांत गांवचे ओढेनाले फिरून पाहावे व पाणी कोठून पळून जातें तें टिपून ठेवावें. पुढच्या सुगीस हिशेब मांडावा. तोट्याचा हिशेबहि तितक्याच मोठ्यानें वाचावा. लपविलेला तोटा कोठींतील सोंड्या किड्याप्रमाणें आंतून सर्व पोखरतो.

ही रीत आपल्या लोकांस अगदीं परकी नाहीं. सावड करून एकमेकांच्या शेतांत राबणें, इर्जिकीला बैल घेऊन जाणें, हें खेड्यांत चालत आलेलें आहे. जे लोक घामाची सावड करूं शकतात, ते धान्याची सावड कां करूं शकणार नाहींत?

चर्चेकरितां प्रश्न

१. आपल्या गांवांत कोणत्या महिन्यांत किती घरांस धान्य उसनें काढावें लागतें? तें कोठून व कोणत्या दरानें मिळतें?

२. आपल्या आजीच्या वेळचे कोणते वाण आज दिसत नाहींत? त्यांचें बीं जवळपास कोणाकडे सांपडेल?

३. संकरित बियाणें व देशी बियाणें ह्यांतील भेद आपल्या शब्दांत सांगा. कोणतें पीक कोणत्या बियाण्यानें घेणें तुमच्या जमिनींत शहाणपणाचें आहे?

४. दर माणशीं पाणी वाटण्याचा नियम तुमच्या गांवीं लावला, तर कोणास लाभ होईल व कोणाची हरकत येईल? त्या हरकतीस काय उत्तर द्याल?

५. कोठीच्या दोन चाव्या कोणाकोणाकडे द्याव्या? ज्याचें नांव सुचवितां त्यावर सर्वांत गरीब घराचा विश्वास आहे काय?

उपदेशकानें हा पाठ एकाच बैठकींत संपवूं नये. पहिल्या आठवड्यांत पहिला प्रश्नच विचारावा, व घरोघरीं जाऊन त्याचें उत्तर वहींत लिहून आणावें. तें उत्तर सर्वांपुढें वाचून झाल्यावर दुसऱ्या आठवड्यांत धान्याचें कोठार हा भाग वाचावा.